काकूंनी बंद केलेला फोकस

शिरपूरहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाव संपतं तिथे आमचं घर आहे. मी रिसोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, नवऱ्याचं गावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. घरामागे लिंबू, शेवगा, वांगी-मिरच्यांचे वाफे आणि त्यांच्या मधोमध पत्र्याची एक खोली. येणारे-जाणारे तिला विहिरीच्या मोटारीची खोली समजतात. तिचं छप्पर रुळांवरून मागे सरकतं. फाटकं बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याला मी ते चित्र काढून समजावलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "मॅडम, छप्पर पाण्यापासून वाचाले असते, सरकवाले नसते." तरी त्यानं बनवून दिलं. आत माझी दुर्बीण आहे.

आभाळाचे फोटो काढायचे तर माणसाला दुर्बिणीजवळ उभं राहावं लागतं असं लोकांना वाटतं. तसं नाही. दुर्बिणीला एक छोटा संगणक चिकटवलेला असतो, तो कॅमेरा चालवतो, आणि काढलेले फोटो एकेक करून घरातल्या लॅपटॉपवर पाठवतो. सुरुवातीला वायफायवर काम चालेल असं वाटलं होतं, पण त्याचा जीव न्हाणीघराच्या भिंतीपर्यंतच. मग वाफ्यांच्या कडेनं पाइपातून केबल आणली, ती उंदरांनी कुरतडली, मग जाड पाइपातून पुन्हा आणली. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा असतो आणि मी पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडे बघत असते. दर काही मिनिटांनी एक फोटो उतरतो. काळाकरडा, बघण्यासारखं काही नसतं त्यात. असे ढीगभर फोटो एकावर एक रचले की त्यांतली दाणेदार खरखर विरून जाते आणि जे खरोखर आभाळात आहे तेवढं वर येतं. फोटो काढणं हे त्यातलं सोपं काम. खरं काम त्यानंतरचं.

पूर्वेच्या भिंतीपलीकडे काकूंचं घर. काकू म्हणजे पासष्टीच्या पुढच्या, एकट्या. दोन म्हशी, दारात दूध न्यायला येणारी चार माणसं आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. त्या मुलानं एका दिवाळीला येऊन गोठ्यासमोर मोठा एलईडी दिवा बसवून दिला. आमच्याकडे त्याला फोकस म्हणतात. शेतातून रानडुकरं येतात, पावसाळ्यात साप निघतात, आई अंधारात चाचपडायला नको, म्हणून. काकूंनी तो सगळ्या गावाला दाखवला होता. त्या फोकसचा उजेड भिंतीवरून थेट माझ्या दुर्बिणीच्या तोंडात यायचा.

मी तिळाच्या वड्या घेऊन त्यांच्याकडे गेले. वड्या घेऊन का गेले, हे त्यांनाही कळलं असणार.

"काकू, तुमचा फोकस रातच्याला थोडा वेळ बंद ठेवाल का?"

"काहून वं? बिल तं मी भरतो."

"बिलाचं नाही. चांदण्यांचे फोटो काढते ना मी. तुमच्या उजेडानं ते पांढरे पडतात."

"चांदन्या पांढऱ्याच असतेत ना बापा," काकू म्हणाल्या, आणि स्वतःच खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तुह्या पत्र्याचा आवाज आला का बंद करतो मी. मंग तं झालं?"

झालं. त्या दिवसापासून माझं छप्पर खडखडत मागे गेलं की भिंतीपलीकडून हाक यायची, "बंद करू का वं मास्तरीन?" आणि अंधार व्हायचा. मी त्यांना शिरपुरातून गोळ्या आणून द्यायची, मोबाइल रिचार्ज करून द्यायची. त्या मला खरवस द्यायच्या. हिशेब बरोबर बसतो असं मला वाटायचं. गोठ्यातली शेवटची कामं त्या मोबाइलच्या मिणमिणत्या बॅटरीवर करतात, हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडे तो ठिपका हलताना मला दिसायचा. तो इतका मंद होता की माझ्या फोटोत येत नसे, म्हणून मी त्याच्याबद्दल कधी काही विचार केला नाही.

त्या संध्याकाळी थंडी नुकती लागली होती. सोयाबीनच्या मळणीची धूळ खाली बसली होती आणि कितीतरी दिवसांच्या ढगांनंतर आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. मला कृत्तिका हव्या होत्या. कृत्तिकांचा झुबका कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण त्या चांदण्यांच्या आजूबाजूला जी धूळ पसरलेली आहे ती इतकी फिकी असते की जराशा उजेडानं पुसून जाते. तिन्हीसांज होताच मी छप्पर सरकवलं. हाक आली. मी "हो" म्हणाले. फोकस गेला. "उपकार झाले काकू" असं मी सुरुवातीला म्हणायची, ते म्हणणं केव्हाच सुटलं होतं.

मी आत येऊन स्वयंपाकाला लागले. नवरा जेवायला बसला. एकामागून एक फोटो उतरत होते, आणि असे काळेभोर फोटो मी आमच्या अंगणातून आधी पाहिले नव्हते. मी मिक्सरवर चटणी वाटत होते. मिक्सर थांबवला आणि पाहते तर नुकताच उतरलेला फोटो डावीकडून पांढरा झालेला. फोकस.

मी चिडले. "आता काहून लावला?" मी मोठ्यानं म्हणाले.

"लागली असंन काही गरज," नवरा ताटावरून मान न उचलता म्हणाला.

"इतक्या दिवसांनी आभाळ उघडलंय, आणि आजच."

मी मागचं दार उघडलं. भिंतीशी जाऊन काकूंना फोकस बंद करायला सांगणार होते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. तेव्हा मला ओरडणं ऐकू आलं. मिक्सरच्या आवाजात ते आधी आलंच नव्हतं. पलीकडच्या वस्तीवरून दूध न्यायला येणारी बाई हाका मारत होती, "अवो कोनी या वो, काकू पडल्या!"

गोठ्यातलं पाणी वाहून नेणारी उघडी नाली आहे, काकू तिच्यात पडल्या होत्या. म्हशीनं दावं सोडवलं होतं, तिला बांधायला त्या अंधारात निघाल्या, पाय नालीत गेला. त्या बाईला आल्या आल्या काळोखात कण्हण्याचा आवाज आला, तिनं भिंतीवरचं बटण शोधून फोकस लावला, आणि बराच वेळ एकटीच त्यांना उचलायचा प्रयत्न करत राहिली. म्हणजे तो फोटो निघत असताना, तो केबलमधून माझ्यापर्यंत येत असताना, आणि मी त्याच्यावर चिडत असताना काकू तिथे पडलेल्या होत्या.

"पाय नाही हालून राह्यला, मास्तरीन," एवढंच त्या मला म्हणाल्या.

आम्ही त्यांना बाजेसकट उचलून गाडीपर्यंत आणलं, मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. वाशीमला पोहोचेपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात माझं मनगट दाबायचा. एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशनला अकोल्याला न्यावं लागणार होतं. दवाखान्याच्या ओट्यावर उभं असताना नवरा हळूच म्हणाला, "छप्पर उघडंच हाये."

"राहू दे," मी म्हणाले.

छप्पर उघडंच राहिलं. दुर्बीण कृत्तिकांच्या मागे मागे फिरत राहिली आणि रिकाम्या घरातल्या लॅपटॉपवर फोटो पाठवत राहिली.

मुलगा पुण्याहून निघून थेट अकोल्याला आला. मी तिथेच होते. त्यानं वाकून नमस्कारच केला मला. "ताई, तुमी होत्या म्हणून. नाही तं रातभर पडून राह्यली असती." मी थर्मासमधला चहा ओतत राहिले. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पन एवढा फोकस लावून देला होता, तरी पडली कशी?"

काकू डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोप लागली आहे.

"लाइन गेली व्हती," त्या म्हणाल्या.

डोळे उघडले नाहीत त्यांनी. मुलगा वीजवाल्यांना दोन शिव्या देऊन गप्प झाला. मी त्याला चहा दिला. त्या वेळी बोलले असते तर दोन वाक्यांचं काम होतं. मी कप गोळा केले आणि धुवायला बाहेर गेले.

काकू तिकडे असेपर्यंत त्यांच्या म्हशी आम्हीच पाहिल्या. दूध नवरा काढायचा, शेण-गोठा मी, आणि रविवारी मी डबा घेऊन अकोल्याला जायची. मला ते नीट यायचं नाही, म्हशींनाही ते कळायचं. फोकस मी संध्याकाळी लावायची तो पार उजाडेपर्यंत, गरज असो नसो. दूध न्यायला येणारी माणसं म्हणायची, "बाई, तुमच्यासारखा शेजार भेटाले नशीब लागते." शाळेतही बातमी गेली होती. शिक्षक-खोलीत कुणी कौतुक करायला लागलं की मी वह्या तपासायला घ्यायची.

त्या संध्याकाळचे फोटो लॅपटॉपवर तसेच पडून होते. एरवी मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मागे लागते. आता त्या फोल्डरच्या नावावरून नजर गेली की मी लॅपटॉप मिटायची. तो पुसून टाकावा असं मनात आलं. एकदा निवडलाही, बटणावर बोटही ठेवलं. पण पुसलं असतं तर ते काकूंसाठी पुसलं नसतं, मला डोळ्यांसमोर नको होतं म्हणून पुसलं असतं. एवढं मला कळत होतं. शेवटी ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं आणि डिस्क कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

काकू वॉकर घेऊन घरी आल्या तेव्हा शेतात हरभरा फुलावर होता. मी रोज जेवण घेऊन जायची. सुरुवातीला दुखण्याखुपण्याचंच बोलणं व्हायचं. एका दुपारी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "फोटो नाही दावला तू."

"कोणता?"

"कोनता म्हन्ते! त्या दिवशीचा."

"तो नाही केला मी काकू."

"काहून?"

मला रडू यायला लागलं होतं. मी त्यांनाच उलट विचारलं, "काकू, लाइन गेली होती असं काहून सांगितलं तुमी?"

काकूंनी घास चावून संपवला. "मंग काय सांगू? पोरगं भांडलं असतं तुह्याशी. मी पडली ते पडलीच. आता शेजार बी मोडू का?"

"राग नाही आला तुमाले?"

"आला ना. कसा नाही येनार? दवाखान्यात झोप नव्हती लागून राह्यली तं पडल्या पडल्या शिव्या देल्ल्या तुले. तुले, तुह्या चांदन्याले, त्या पत्र्याले." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "येकदा मनात आलं, सांगून टाकावं पोराले. मंग तू डबा घेऊन आली. राह्यलं."

मी त्यांचं ताट उचललं.

"पन फोटो तं कर. नाही तं माहा पाय फुकट गेला म्हनाव लागंन."

त्या रविवारी दुपारी मी पडदे ओढून बसले. या कामाची एक रीत आहे. आधी दुर्बिणीवर झाकण ठेवून काढलेले काळे फोटो लागतात, कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कोणते ते त्यावरून कळतं. मग दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं धोतर ताणून काढलेले सपाट उजेडाचे फोटो लागतात, काचेवरची धूळ त्यांनी वजा होते. ते सगळं माझ्याकडे होतं. त्यानंतर मूळ फोटो एकेक करून बघायचे आणि ठरवायचं, ठेवायचा की टाकायचा. संगणक स्वतःच प्रत्येकाला गुण देतो आणि खराब फोटोंपुढे लाल खूण करतो.

सुरुवातीचे चांगले होते. मग लाल खुणा सुरू झाल्या. डावीकडून पांढरा झालेला तो फोटो. त्याच्यानंतरचा, त्याहून पांढरा, त्यात आम्ही काकूंना बाजेवर घेत असणार. मग एक, ज्याच्यावरून उजेडाचा रुंद पट्टा गेला होता. तो आमच्याच गाडीचा दिवा, मागे वळवताना पडलेला. फोटोत माणसं नव्हती, काही नव्हतं, नुसता उजेड. पण कोणता उजेड कशाचा, हे मला सांगावं लागत नव्हतं. ते सगळे फोटो टाकायचे होते. ते ठेवले तर चित्र बिघडतं. मी प्रत्येकावर बोट ठेवून "टाका" म्हणत गेले आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की हे दुसऱ्यांदा करते आहे मी.

त्याच्या पुढचे फोटो उघडले आणि मी खुर्चीत मागे टेकले. असा काळोख माझ्या अंगणात कधी नव्हता. दूध न्यायला आलेल्या त्या बाईनं जाताना वीज जळू नये म्हणून फोकस बंद केला होता. आमचं घर अंधारात, कारण निघताना नवऱ्यानं दिवे घालवून कुलूप लावलं होतं. आम्ही वाशीमच्या दवाखान्यात एक्स-रेची वाट बघत होतो, आणि इथे भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकही दिवा नव्हता. ठेवण्यासारखे जवळजवळ सगळे फोटो त्या वेळचे निघाले.

मी ते रचायला लावले. संगणक बराच वेळ घुमत राहिला. मग आलेलं चित्र हळूहळू उजळायचं असतं, फार केलं तर खरखर वर येते, कमी केलं तर धूळ दबून राहते. मी कमी-जास्त करत गेले. चांदण्यांच्या भोवती निळसर धूसर पदर दिसायला लागले, त्यांच्या पलीकडे आणखी एक तपकिरी झाक, जी मी आजवर दुसऱ्यांच्याच फोटोंत पाहिली होती. बाहेर केव्हा अंधारलं ते कळलं नाही. नवऱ्यानं येऊन दिवा लावला तेव्हा मला आठवलं की काकूंना संध्याकाळच्या गोळ्या द्यायला मी गेलेच नव्हते. त्या सगळ्या वेळात मी आनंदात होते. काकू मनातून साफ गेल्या होत्या. पडण्याच्या दिवसाइतकंच मला त्या दुपारचं वाईट वाटतं, कदाचित थोडं जास्तच, कारण पडण्याच्या दिवशी मला माहीत नव्हतं.

मी लॅपटॉप उचलून तशीच पलीकडे गेले. आधी गोळ्या दिल्या, मग फोटो दाखवला. काकूंनी चष्मा लावला.

"हा धूर कायचा?"

"धूळ आहे काकू. आभाळातली."

"धूळ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "धुळीसाठी करून राह्यली व्हती तू हे सारं?"

"हो."

त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. "निळी हाये पन," म्हणाल्या. मग तो फोटो त्यांच्या मुलानं दिलेल्या नव्या मोबाइलवर टाकायला लावला. भेटायला कुणी आलं की त्या म्हणायच्या, "माह्या पायाचा फोटो पाह्यला का?" माणसं एक्स-रे असेल म्हणून मोबाइल हातात घ्यायची आणि गोंधळायची. काकूंना त्याची मजा वाटायची. मी समोर असले की मला कुठे बघावं ते कळत नसे.

होळीच्या आधी मुलगा पुन्हा आला. काकूंना आता खाली बसता येत नव्हतं, म्हणजे दूध काढणं संपलं होतं. म्हशी इंझोरीच्या एका नातेवाइकाला द्यायचं ठरलं. टेम्पो आला, म्हशी चढायला तयार नव्हत्या, नवरा आणि तो ढकलत होते. काकू ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या, गोठ्याकडे पाठ करून. त्यांनी शेवटपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

टेम्पोचं फळकं लागल्यावर मी मुलाला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. लाइन गेली नव्हती. फोकस माझ्यासाठी बंद होता, आणि त्या दिवशीच नाही, किती महिने.

तो हातातली दोरी गुंडाळत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही.

"आई कधीची म्हणून राह्यली होती," तो म्हणाला, "नालीवर फरशी टाक म्हणून. मी म्हणे, येईन तेवा टाकू. दर टायमाले येईन तेवा टाकू." दोरीचं वेटोळं त्यानं टेम्पोत फेकलं. "पन ताई, तुमी मले अकोल्यालेच सांगाले पाह्यजे होतं. मी तुमच्या पाया पडलो होतो."

"हो," मी म्हणाले.

तो पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पुण्याला परतण्याआधी त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं मिळून नालीवर फरशा टाकल्या. मला चहा मागितला, मी दिला, त्यानं घेतला. ताई म्हणणं त्यानं सोडलेलं नाही, पण आता काही कामासाठी फोन आला तर तो नवऱ्याला येतो.

तो फोटो मी नंतर आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या एका गटात टाकला. लोकांनी वाहवा केली. एकानं विचारलं, इतका अंधार तुम्हाला घराच्या अंगणात कसा मिळतो? मी "लहान गाव आहे" असं लिहिलं, मग ते खोडलं आणि काहीच लिहिलं नाही.

मी अजून छप्पर सरकवते, पण मग लॅपटॉपपाशी न बसता काकूंकडे जाते. त्यांना न्हाणीपर्यंत नेऊन आणते, अंथरूण घालते, पायाला तेल लावते. त्या लवकर झोपतात, तरी डोळा लागेपर्यंत फोकस चालू ठेवून मी तिथेच बसते. त्या म्हशींविषयी बोलतात, इंझोरीला त्या नीट खातात की नाही याची काळजी करतात. तिकडे माझ्या टेबलावर फोटो उतरत असतात. कसे उतरले, कोणता बिघडला, ते मी सकाळी बघते.